कळी थंडी मोजते

बहिणीची मैत्रीण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टोकियोला आली आणि पहिल्याच दिवशी हिरमुसली. कुठल्यातरी रीलमध्ये "फेब्रुवारी-मार्च म्हणजे साकुरा", म्हणजे चेरीचा बहर, असं बघून तिने तिकिटं काढलेली, आणि इथे उएनो पार्कात सगळी झाडं खराट्यासारखी उभी. मला म्हणाली, "अगं, थंडी लांबली म्हणून फुलं नाहीत ना? थंडी कमी पडली असती तर मिळालं असतं बघायला."

हे मी इथे आल्यापासून दरवर्षी कुणाकडून तरी ऐकते. जपानला राहणारे आपले लोकसुद्धा असंच बोलतात. पण ते अर्धंच बरोबर आहे. साकुराला ऊब लागते हे खरं, पण त्याच्या आधी थंडी लागते, आणि नुसती थोडीफार नाही, शेकडो तास. थंडीच मिळाली नाही तर पुढे कितीही ऊन पडू दे, कळी नीट उघडत नाही. ती खराट्यासारखी झाडं बंद पडलेली नव्हती, त्यांचा हिशोब चालू होता, आणि तो हिशोब कसा चालतो हे मला इतकं आवडतं की आज तेच सांगायचंय, बाकी फिरणं वाटेत येईल.

सेत्सुबुन तिचा हुकला होता. जपानी पंचांगात सूर्य आयनिकवृत्तावर, म्हणजे आकाशातल्या त्याच्या वर्षभराच्या वाटेवर, ३१५ अंशांवर पोचतो तो दिवस रिश्शुन, म्हणजे वसंताची सुरुवात, आणि त्याच्या आदल्या दिवशी सेत्सुबुन. घरात कुणीतरी राक्षसाचा कागदी मुखवटा लावतं, पोरं भाजलेले सोयाबीन त्याच्यावर फेकतात, "ओनी वा सोतो, फुकु वा उची", राक्षस बाहेर आणि भाग्य घरात, आपल्या "इडा पिडा टळो"च्या जवळचंच. मग आपल्या वयाइतके दाणे मोजून खायचे. हा दिवस बहुतेक ३ फेब्रुवारीला येतो, पण २०२१ मध्ये २ तारखेला आला, १८९७ नंतर पहिल्यांदाच, आणि लगेच "१२४ वर्षांनी दुर्मिळ योग" वगैरे सुरू झालं. योग वगैरे काही नाही हो, साधा भागाकार आहे. वर्ष ३६५ दिवस आणि साधारण ५ तास ४९ मिनिटांचं, लीप वर्ष दर चार वर्षांनी पूर्ण एक दिवस वाढवतं, म्हणजे दर चार वर्षांनी रिश्शुनचा क्षण साधारण ४५ मिनिटं अलीकडे सरकतो. सरकत सरकत मध्यरात्रीची रेघ ओलांडली की तारीख बदलते. २०२५ मध्येही २ तारीखच होती.

आता तिला काय दाखवायचं? मी तिला युशिमा तेन्जिन या देवळात नेलं. तिथे उमे फुललेला होता. उमेला इंग्रजीत प्लम म्हणतात म्हणून आपण प्लम म्हणतो, पण तो जर्दाळूचा जास्त जवळचा नातेवाईक आहे. ओळखायची सोपी खूण सांगते, साकुराची फुलं लांब देठाला लोंबतात आणि पाकळीच्या टोकाला छोटी खाच असते, उमेचं फूल फांदीला जवळजवळ चिकटून बसतं, पाकळी गोल, आणि वास! साकुरा बघायचा असतो, उमेसाठी डोळे मिटून नुसतं उभं राहिलं तरी चालतं. जपानमध्ये आठव्या शतकात फुलं बघायला जाणं म्हणजे उमेच बघायला जाणं होतं, मान्योशू या जुन्या काव्यसंग्रहात साकुरापेक्षा उमेवरच्या कविता कितीतरी जास्त आहेत, आणि २०१९ ला सुरू झालेल्या रेइवा या कालखंडाचं नावसुद्धा त्यातल्या उमेच्या कवितांच्या प्रस्तावनेतून घेतलंय. वेळ असेल तर मितोचं काइराकुएन बघा, १८४२ सालची बाग, १०० च्या आसपास जाती, ३००० झाडं, उएनोहून एक्सप्रेसने सव्वा तास.

उमेच्या फांद्यांवर हिरवट छोटे पक्षी उलटेसुलटे लटकून मध पीत होते, डोळ्याभोवती पांढरी रिंग. जपानी नाव मेजिरो, म्हणजे "डोळा पांढरा". आपल्याकडे याचाच भाऊबंद आहे, चष्मेवाला! जपानी चित्रांत उमेबरोबर उगुइसु नावाचा गाणारा पक्षी काढायची पद्धत आहे, त्यामुळे बरेच लोक मेजिरोलाच उगुइसु समजतात. उगुइसु मातकट रंगाचा आणि लाजाळू, झुडपात दडून बसतो. उमेवर हिरवा दिसला तर तो मेजिरो.

हे 'मे' लक्षात ठेवा. जपानीत डोळा म्हणजे मे, आणि झाडाला फुटणारा कोंब म्हणजे पण मे. लिपीतली चिन्हं वेगळी, उच्चार एकच. मला हे कळलं तेव्हा मी थेट तासगावला मामांना फोन केला होता, कारण आमच्याकडे द्राक्षाच्या काडीवर जे असतं त्याला पण डोळाच म्हणतात. डोळे फुगले, डोळे फुटले, डोळा मेला.

तर त्या डोळ्याच्या आत काय चाललेलं असतं?

साकुराची पुढच्या वर्षीची फुलकळी आदल्या उन्हाळ्यातच तयार व्हायला लागते, जुलै-ऑगस्टमध्ये, भर पानांत, जेव्हा त्या झाडाकडे कुणी बघतही नाही. वाऱ्याने पडलेली एक फांदी मी डिसेंबरमध्ये उचलून घरी आणली आणि एक कळी ब्लेडने उभी कापली. बाहेर तपकिरी खवले, कौलांसारखे एकावर एक, आतल्या बाजूला थोडी लव, आणि मधोमध चार हिरवट ठिपके, मोहरीपेक्षा बारीक. भिंगाखाली त्यात पुंकेसर ओळखू येत होते. म्हणजे एका कळीत चार फुलं, सगळा माल तयार, फक्त दुकान बंद.

शरदात दिवस लहान होतात, हवा गार होते, पानं ॲब्सिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक बनवतात, ते कळीत जातं आणि कळी झोपते. पानांचा यात हात आहे हे २०१८ च्या शरदात फार सुंदर दिसलं. एकामागून एक टायफून आले, खारट वाऱ्याने पानं करपून गळाली, त्यानंतर ऊबदार दिवस आले, आणि ऑक्टोबरमध्ये जपानभर ठिकठिकाणी साकुरा फुलला. लोकांनी अपशकुनापर्यंत गोष्टी नेल्या. अपशकुन कसला, झोपेचं औषध पाजणारी पानंच वेळेआधी गेली, कळ्या झोपल्याच नाहीत.

झोप दोन प्रकारची असते. नोव्हेंबरमध्ये फांदी तोडून गरम खोलीत पाण्यात ठेवा, काही होत नाही. जानेवारीअखेर तीच फांदी ठेवा, थोड्याच आठवड्यांत फुलते. म्हणजे नोव्हेंबरमध्ये कुलूप आतून आहे, जानेवारीअखेर नुसती थंडी आड येतेय. आतलं कुलूप उघडण्याला जपानीत क्यूमिन दाहा म्हणतात, मराठीत सरळ झोपमोड म्हणा. आणि ही झोपमोड ऊब करत नाही, थंडी करते! ५ अंशांच्या आसपासची थंडी सगळ्यात कामाची, साधारण ८०० ते १००० तास. शून्याच्या बरंच खाली गेलं तर रासायनिक क्रियाच मंदावतात, म्हणून ते तास फारसे धरले जात नाहीत, आणि मधेच गरम दिवस आले तर जमा झालेल्यातलं थोडं वजा होतं. आरडीचं खातं समजा, रोज थोडं भरायचं, मधे काढलं तर मुदत लांबते.

पण कळीला कसं कळतं किती तास झाले? इथे जरा धीर धरा. शेजारशेजारच्या वनस्पतीपेशींमध्ये बारीक बोगदे असतात, त्यातून साखर आणि निरोप इकडून तिकडे जातात. झोपेत या बोगद्यांच्या तोंडाशी कॅलोज नावाच्या साखरेच्या लांब साखळीचं बूच बसतं, कळीचं टोक बाकी झाडापासून तुटतं, "वाढ" असा निरोप आला तरी आत पोचत नाही. थंडीत जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचा जोर वाढतो, कॅलोज खाणारी एन्झाइम्स तयार होतात आणि बुचं विरघळतात. हे काम मुख्यतः बर्च आणि पॉपलरवर झालंय. साकुराच्या घराण्यात, म्हणजे पीच, उमे, जर्दाळू यांच्यात, दुसरा धागा मिळाला. मेक्सिकोत पीचचं एक झाड सापडलं जे हिवाळ्यात झोपतच नाही, शेंडा वाढतच राहतो, आणि त्याच्या डीएनएत बघितलं तर एका ओळीत बसलेल्या सहा जनुकांच्या भागातला तुकडा गायब. या जनुकांना डॅम म्हणतात. ती चालू असली की झोप. थंडीचा एकेक तास जातो तसतशा, डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेलं असतं त्यांच्यावर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणा साचत जातात, आणि जिथे ही खूण पडते तिथलं जनुक गप्प होतं. सगळं एकदम बंद होत नाही, हळूहळू डॅम गप्प होत जातात, म्हणून कळी "मोजते". मेंदू नाही, घड्याळ नाही, नुसत्या साचत जाणाऱ्या खुणा. मला हे वाचताना खरंच अंगावर काटा आला होता.

झोपमोड झाली की मग उबेचा हिशोब सुरू. इथे एक ढोबळ नियम सगळ्यांना माहितीये, १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करत जायची, ६०० झाली की साकुरा. करून बघा, टोकियोत फेब्रुवारीचं कमाल तापमान सरासरी ११ च्या आसपास, २८ दिवसांचे ३०८. उरले २९२, मार्चात रोज १४ धरले तर २१ दिवस, म्हणजे २१ मार्च. हवामान खात्याने काढलेली टोकियोची सरासरी तारीख आहे २४ मार्च! शाळेतल्या बेरजेने तीन दिवसांच्या फरकात आलो. अभ्यासक अर्थातच नुसती बेरीज करत नाहीत, तापमान वाढलं की क्रियेचा वेग सरळ रेषेत वाढत नाही म्हणून ते बारावीच्या केमिस्ट्रीतलं अऱ्हेनियसचं समीकरण वापरतात.

हे गणित इतकं जमतं याचं कारण सोमेइ योशिनो ही जात. जपानभर गावागावात तीच लावलेली, आणि ती सगळी एकाच झाडाची कलमं, आपल्या हापूससारखीच. डीएनए एक, त्यामुळे एका बागेतली सगळी झाडं जवळजवळ एकदम फुलतात. डोंगरातला रानसाकुरा बियांपासून येतो, प्रत्येकाचा हिशोब वेगळा.

आणि म्हणूनच त्या मैत्रिणीला मी शेवटी कावाझुला नेलं. इझु द्वीपकल्पातलं छोटं गाव, तिथे १९५५ मध्ये एकाला साकुराचं रोप सापडलं, ते मोठं होऊन फेब्रुवारीतच फुलायला लागलं, गडद गुलाबी. ओशिमा साकुरा आणि कानहि साकुरा यांचा तो संकर, आणि कानहि मूळचा उबदार मुलखातला, त्याला थंडीचे तास कमी पुरतात. हिशोब लवकर संपतो म्हणून फूल लवकर. नदीच्या दोन्ही काठांना गुलाबी फुलं, खाली मोहरीच्या जातीची पिवळी, फांद्यांवर परत चष्मेवाले. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ओकिनावात तर हाच कानहि जानेवारीत फुलतो आणि उलट्या दिशेने, उत्तरेकडून दक्षिणेकडे, डोंगरावरून पायथ्याकडे, कारण तिथे ऊब भरपूर, अडतं ते थंडीवर. जिथे आधी गार होतं तिथे आधी फूल. थंडी कमी पडली असती तर, या तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथे झाडावर लिहिलेलं आहे.

वाटेत दुकानांत हिनामात्सुरीच्या बाहुल्या मांडलेल्या, लाल पायऱ्यांवर राजा-राणी आणि दरबार, ३ मार्चसाठी. सण झाल्यावर बाहुल्या लगेच आवरल्या नाहीत तर मुलीचं लग्न उशिरा होतं असं इथे अजून बोलतात, शिकलेले लोकही. बाहुल्यांचा आणि लग्नाचा काही संबंध नाही, आणि मुलींच्या डोक्यावर हे ओझं टाकणं मला अजिबात पटत नाही. कोरडा दिवस बघून ब्रशने धूळ झटकून ठेवा, रेशमाला बुरशी लागत नाही, बस.

हिवाळे गरम होतायत त्याची चिंता मात्र खरी आहे. क्योतोत नवव्या शतकापासूनच्या रोजनिशांमधून साकुराच्या बहराच्या तारखा जमवल्यात, आओनो यासुयुकी यांनी त्यात आयुष्य घातलं, आणि २०२१ चा २६ मार्च हा तोवरच्या १२०० वर्षांतला सगळ्यात लवकरचा बहर ठरला. सगळे म्हणतात, गरम झालं की लवकर. पण २०१९-२० चा हिवाळा जपानमध्ये विक्रमी गरम होता, टोकियोत १४ मार्चलाच फुलं आली आणि तिच्यापेक्षा कितीतरी दक्षिणेला असलेल्या कागोशिमात टोकियोनंतर. तिथल्या कळ्यांचे थंडीचे तास पुरेसे भरले नव्हते, झोपमोडच उशिरा झाली.

मामांना हे सांगितलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. "अगं, आमच्याकडं थंडीच कुठं तेवढी? म्हणून तर ऑक्टोबर छाटणी झाली की पेस्ट लावतो." द्राक्षाचा डोळाही असाच झोपतो, आणि सांगली-नाशकात त्याला थंडी पुरत नाही, त्यामुळे छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइड डोळ्यांना लावतात, हातमोजे घालून, कारण ते विषारी आहे, लावणाऱ्याने दारूला तर त्या दिवसांत शिवायचंही नाही. त्या रसायनाने डोळ्याला ऑक्सिडेशनचा जबर झटका बसतो, आणि थंडीने जे आठवड्यांत होतं ते दिवसांत होतं, सगळे डोळे एकदम फुटतात.

मार्चच्या मध्यावर स्टेशनजवळच्या साकुराच्या कळीचा फोटो मी त्यांना पाठवला, खवले सुटलेले, टोकाला हिरवं. "पोंग्यावर आलंय की," मामा म्हणाले, "किती दिवस धरतीस?" माझ्या वहीतली बेरीज त्या दिवशी ५६२ होती. म्हटलं, तीन.

हवामान खातं ठरलेल्या झाडावर, टोकियोत ते यासुकुनी देवळात आहे, पाच-सहा फुलं उघडली की साकुरा आला असं जाहीर करतं. चौथ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना आमच्या स्टेशनच्या झाडाशी थांबले. खोडाच्या सालीतूनच फुटलेल्या एका बारक्या फुटव्यावर तीन उघडली होती, वरच्या फांदीवर दोन.