लाँग पिंपल्स रबर (टेबल टेनिस)

टेबल टेनिसच्या बॅटवर दाणे बाहेरच्या बाजूला ठेवून चिकटवलेल्या, उंच आणि लवचीक दाण्यांच्या रबराला लाँग पिंपल्स रबर म्हणतात. नेहमीच्या रबरात दाणे आत स्पंजाकडे असतात आणि बाहेरचा सपाट, चिकट पृष्ठभाग चेंडूला पकडून त्याला फिरकी देतो. लाँग पिंपल्समध्ये ही पकड फारच कमी असते. हे रबर बहुतेक जण बॅकहँडच्या बाजूला लावतात आणि फोरहँडला नेहमीचे रबर ठेवतात. हौशी स्पर्धांमध्ये पहिल्यांदा असा प्रतिस्पर्धी समोर आला की चांगला सराव असलेला खेळाडूही गोंधळतो. पण या रबराचे वागणे नियमबद्ध आहे आणि ते शिकून घेता येते.

टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरणारा) चेंडू नेहमीच्या रबरावर आदळला की रबर त्याला धरून ठेवते आणि फिरण्याची दिशा उलटवते, म्हणून परत जाणाऱ्या चेंडूवर पुन्हा टॉपस्पिन येऊ शकतो. लाँग पिंपल्सचे दाणे मात्र आघाताने वाकतात, चेंडू त्यांच्यावरून घसरतो आणि ज्या दिशेने फिरत होता त्याच दिशेने फिरत राहतो. प्रवासाची दिशा तेवढी उलटते, त्यामुळे टॉपस्पिनचा बॅकस्पिन (मागच्या दिशेची फिरकी) होतो. त्याच कारणाने बॅकस्पिन चेंडू हलका टॉपस्पिन होऊन किंवा जवळजवळ फिरकीविना परत येतो. मुळात फिरकी नसलेल्या चेंडूवर हे रबर स्वतःची फिरकी फारशी देऊ शकत नाही. खालचा स्पंज जितका पातळ, तितका हा परिणाम ठळक असतो. स्पंज अजिबात नसलेल्या प्रकाराला ‘ओएक्स’ म्हणतात.

सामन्यात हे कसे घडते ते एका रॅलीवरून स्पष्ट होईल. आपण प्रतिस्पर्ध्याच्या बॅकहँडला जोरदार बॅकस्पिनची लांब सर्व्हिस केली आणि त्याने पिंपल्सने पुश (चेंडूखालून बॅट सरकवत मारलेला संथ फटका) केला. त्याच्या हाताची हालचाल बॅकस्पिनची दिसते, म्हणून आपणही बॅट उघडी, म्हणजे वरच्या बाजूला कललेली, ठेवून पुश करतो. पण आलेल्या चेंडूवर बॅकस्पिन नसतोच, तो आपल्या बॅटवरून उंच उडतो आणि समोरचा फोरहँडने तो मारून टाकतो. पुढच्या गुणाला आपण सावध होऊन कडक टॉपस्पिन मारतो, तो पिंपल्सने नुसता ब्लॉक करतो, म्हणजे बॅट स्थिर धरून चेंडू अडवतो, आणि त्याच जोमाने मारलेला आपला दुसरा टॉपस्पिन थेट जाळीत जातो, कारण आपणच दिलेली फिरकी बॅकस्पिन होऊन आपल्याकडे परतलेली असते. म्हणून अशा खेळाडूच्या हाताकडे पाहून फिरकी ओळखू नये. आपण मागचा फटका कोणता मारला, हे लक्षात ठेवावे.

यावरून प्रतिकाराचे डावपेच ठरतात. पिंपल्सवर लांब, फिरकीविना चेंडू टाकणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे, कारण त्यातून प्रतिस्पर्ध्याला काहीच उसने मिळत नाही. दुसरा उपाय म्हणजे जड (भरपूर बॅकस्पिनचा) पुश करून परत येणाऱ्या तरंगत्या चेंडूवर सपाट ड्राइव्ह मारणे. टॉपस्पिन मारल्यानंतरचा चेंडू एकतर पुश करावा किंवा गुडघे वाकवून, बॅट खालून वर नेत संथपणे उचलावा (लिफ्ट). सलग दोनदा जोर लावण्याचा मोह हौशी खेळाडूंना सर्वाधिक महागात पडतो. या साऱ्याच्या सरावासाठी पिंपल्स वापरणारा जोडीदार लागतो. एक पुश, एक लिफ्ट असा क्रम न मोडता खेळत राहिले की हाताला लय सापडते. चेंडू फेकणाऱ्या यंत्रावर हा सराव होत नाही, कारण यंत्र आपल्या फटक्याला प्रतिसाद देत नाही.

बॅटवर भलते साहित्य लावून खेळाची घडी विस्कटल्याचा प्रसिद्ध प्रसंग मुंबईत घडला. १९५२ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत जपानचे हिरोजी सातो जाड स्पंज लावलेल्या बॅटने खेळले आणि एकेरीचे विजेते ठरले. त्या बॅटवर चेंडूचा आवाजच होत नसल्याने प्रतिस्पर्ध्यांचा अंदाज चुकत असे. १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने बॅटच्या आवरणाचे प्रमाणीकरण केले. लाँग पिंपल्सचा प्रभावी वापर पुढे चीनच्या झांग शिएलिन यांनी १९६० च्या दशकात बचावासाठी केला, तर डेंग यापिंग यांनी बॅकहँडला हेच रबर लावून १९९२ आणि १९९६ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये एकेरीची सुवर्णपदके जिंकली. भारतात मनिका बत्रा यांच्या २०१८ च्या राष्ट्रकुल सुवर्णपदकानंतर या रबराकडे कुतूहलाने पाहिले जाऊ लागले. त्या केवळ पिंपल्सवर विसंबत नाहीत. बॅट हातात फिरवून बाजू बदलणे आणि पुढच्याच चेंडूवर आक्रमण करणे ही त्यांची खरी ताकद आहे.

एकाच रंगाची दोन वेगळी रबरे लावून फसवणूक होऊ लागली, तेव्हा १९८६ पासून एक बाजू काळी आणि दुसरी लाल असणे सक्तीचे झाले. २०२१ पासून काळ्याच्या जोडीला लालखेरीज आणखी काही ठळक रंग चालतात. सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याची बॅट पाहण्याचा हक्क नियमानेच दिला आहे. हौशी खेळाडूंनी तो संकोच न करता बजावावा आणि पिंपल्स कोणत्या रंगाच्या बाजूला आहेत हे नीट पाहून ठेवावे. दाण्याच्या उंचीचे व्यासाशी असलेले प्रमाण १.१ पेक्षा जास्त चालत नाही. २००८ मध्ये घर्षणाची किमान मर्यादा आल्याने अगदी गुळगुळीत दाण्यांची रबरे बाद झाली. रबर तापवून किंवा रसायन लावून ते गुळगुळीत करणेही नियमबाह्य आहे.

बॅकहँड कच्चा असलेल्या नवशिक्याला लगेच पिंपल्स लावायला सांगण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती नुकसानकारक आहे. सुरुवातीला काही सामने सहज जिंकता येतात, पण फटका घडत नाही आणि फिरकीविना चेंडू टाकणारा जाणकार भेटला की खेळाडूकडे उत्तर उरत नाही. आधी नेहमीच्या रबराने ब्लॉक, पुश आणि ड्राइव्ह पक्के करून मगच हा बदल करावा. टेबलाजवळ ब्लॉक करणाऱ्याला ओएक्स आणि संथ लाकूड सोयीचे पडते, तर मागे राहून चॉप करणाऱ्याला (बॅट वरून खाली नेत बॅकस्पिन देत बचाव करणाऱ्याला) पातळ स्पंजामुळे नियंत्रण मिळते. बॅटची पकड सैल, बॅट जवळजवळ उभी आणि फटका आखूड ठेवावा. वापराने दाणे मुळाशी चिरतात, विशेषतः बॅटच्या मध्यभागी; तुटलेल्या दाण्यांमुळे पृष्ठभाग एकसारखा राहत नाही आणि स्पर्धेत पंच ती बॅट नाकारू शकतात.