पक्षाघात

पक्षाघात : शरीराची डावी किंवा उजवी बाजू लुळी पडण्याचा विकार, अर्धांगवायू. आयुर्वेदात त्याची गणना वातव्याधींत, म्हणजे शरीरातील वात (वायू) बिघडल्याने होणाऱ्या विकारांत होते.

‘पक्ष’ म्हणजे पंख, त्यावरून बाजू. जुन्या ग्रंथांत ‘पक्षवध’ असेही नाव आढळते. दोहोंपैकी आधीचे कोणते, हे ठरवणे सोपे नाही. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या सूत्रस्थान या विभागात (अ. 20) वाताच्या 80 विकारांच्या यादीत ‘पक्षवध’ आहे, चिकित्सास्थानात (अ. 28) उपचार सांगताना मात्र ‘पक्षाघाते विरेचनम्’ (पक्षाघातात रेच द्यावा) असे म्हटले आहे. हा अध्याय संहितेच्या दृढबल या नंतरच्या वैद्याने पूर्ण केलेल्या भागात मोडतो आणि दृढबलाचा काळ सामान्यतः इ. स. चौथे-पाचवे शतक धरतात. त्यामुळे ‘पक्षवध’ जुना मानण्याकडे कल होतो. परंतु सुश्रुतसंहिता या दुसऱ्या प्राचीन ग्रंथाच्या निदानस्थानात पहिल्याच अध्यायात ‘पक्षाघात’ येतो आणि त्या संहितेतील थरांचा काळ वादग्रस्त असल्याने हा पुरावा निर्णायक नव्हे. नावाची फोड मात्र सुश्रुतच देतो : ‘हन्ति पक्षं तमाहुर्हि पक्षाघातं भिषग्वराः’. प्रकुपित वायू धमन्यांत शिरून एका बाजूचे सांधे सैल करतो व ती बाजू ‘मारतो’, असा त्याचा आशय.

‘एकांगरोग’ हा पर्याय आहे की वेगळा विकार, याबद्दलही मतभेद आहेत. आयुर्वेदाचार्य वाग्भट (अष्टांगहृदय, निदान 15) त्याच विकाराला काही जण एकांगरोग, तर काही पक्षवध म्हणतात, असे नोंदवतो. चरकाच्या यादीत मात्र दोन्ही स्वतंत्र आहेत, शिवाय चिकित्सास्थानात ‘एक पाय किंवा एक हात’ आखडण्याचा उल्लेख आहे. एकांगरोग म्हणजे एकाच अवयवाचा विकार, हे वाचन अधिक सयुक्तिक वाटते.

निव्वळ वाताचा पक्षाघात सुश्रुताने अत्यंत कष्टसाध्य, दुसऱ्या दोषाची (पित्त किंवा कफाची) जोड असलेला साध्य आणि धातुक्षयामुळे (शरीरघटकांच्या झिजेमुळे) झालेला असाध्य सांगितला आहे. मेंदूशी संबंध या वर्णनांत जोडलेला नाही.

बोली मराठीत ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. त्यात वाताची कल्पना शाबूत आहे. ‘लकवा’ अरबीतून आला. युनानी वैद्यकात तो चेहऱ्याचा विकार (आयुर्वेदातील ‘अर्दित’), तर अर्ध्या अंगाच्या विकाराला तेथे ‘फालिज’ म्हणतात. मराठीत हा भेद राहिला नाही.

आधुनिक वैद्यकात पक्षाघात हे लक्षण आहे. मेंदूचा रक्तपुरवठा तुटणे किंवा मेंदूत रक्तस्राव होणे (स्ट्रोक) हे त्याचे नेहमीचे कारण. मात्र प्रत्येक स्ट्रोकमध्ये अंग लुळे पडतेच असे नाही.