ख्रिस्ती नरकाची जडणघडण

योसेफ मेला असं समजून त्याचा बाप याकोब आकांत करतो आणि म्हणतो, आता मी शोक करत करतच मुलाकडे अधोलोकात उतरेन. जुन्या करारातल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला हा प्रसंग. याकोब पापी म्हणून तिथे जाणार नव्हता आणि योसेफ तर निष्पापच. तरी बापलेक भेटणार ते तिथेच, कारण हिब्रू लोकांच्या जुन्या समजुतीप्रमाणे मेलेला प्रत्येक जण शेओल नावाच्या त्या अंधाऱ्या जागी जायचा. राजा असो की गुलाम, सज्जन असो की दुर्जन. तिथे आग नाही, सैतान नाही, छळही नाही. उपदेशकाचं पुस्तक सांगतं की तिथे काम नाही, बेत नाही, ज्ञान नाही, शहाणपण नाही. ख्रिस्ती नरक म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणाऱ्या ज्वाळा, शिंगवाले सैतान, न संपणारी शिक्षा यांतलं जवळपास काहीच हिब्रू धर्मग्रंथांच्या जुन्या थरात सापडत नाही.

मग ते आलं कुठून? मला विचाराल तर नरकाची कल्पना आधी भोगलेल्या अन्यायातून आली, भीती तिला नंतर चिकटली. देव न्यायी आहे आणि पाप्याचा हिशेब तो इथेच चुकता करतो, या श्रद्धेला तडे बरेच आधी गेले होते. निष्पाप असूनही हाल भोगणाऱ्या ईयोबाचं पुस्तक त्याचीच साक्ष देतं. पण इ.स.पू. १६७ मध्ये तेव्हा यहुद्यांवर राज्य करणाऱ्या ग्रीक सेल्युसिड घराण्याचा राजा अँटायोकस चौथा याने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली, तेव्हा ती पार कोलमडली. जे देवाचे नियम पाळत होते तेच हालहाल होऊन मेले. ज्यांनी नियम सोडले ते वाचले. त्या छळाची हकिगत सांगणाऱ्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात सात भावांची गोष्ट आहे. डुकराचं मांस खायला नकार दिला म्हणून आईच्या डोळ्यांदेखत एकेकाला मारलं जातं. चौथा भाऊ मरता मरता राजाला सुनावतो की देव आम्हाला पुन्हा उठवील, तुला मात्र जीवनाचं पुनरुत्थान नाही. दानीएलचं पुस्तकही याच धामधुमीत आजच्या रूपाला आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मातीत निजलेल्यांपैकी काही सार्वकालिक जीवनासाठी उठतील आणि काही सार्वकालिक अप्रतिष्ठेसाठी, असं त्यात येतं. त्याहून जुन्या हनोखाच्या पुस्तकात (हा यहुदी ग्रंथ बहुतेक बायबलांत नाही) तर मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी वेगवेगळे कप्पेच केलेले दिसतात. सगळ्यांना एकाच शेओलमध्ये कोंबणं आता कुणाला पटेना. जुलमी आणि जुलूम सोसणारा एकाच रांगेत उभे कसे राहतील?

या नव्या जागेला नाव मिळालं ते एका खऱ्याखुऱ्या दरीचं. जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला हिन्नोमची दरी आहे. यहुदाचे राजे आहाज आणि मनश्शे यांनी तिथे आपली पोटची पोरं आगीत अर्पण केली, असं बायबल सांगतं. पुढे योशिया राजाने तिथलं तोफेत हे बळिस्थान भ्रष्ट केलं, म्हणजे तिथे पुन्हा कुणी बळी देऊ नये. यिर्मया संदेष्ट्याने शाप दिला की या जागेला लोक कत्तलीची दरी म्हणतील. या दरीच्या हिब्रू नावावरून गेहेन्ना हे नाव रूढ झालं. येशूच्या काळी तिथे गावाचा कचरा सतत जळत असायचा, ही माहिती प्रवचनांतून हमखास ऐकायला मिळते. मात्र तिचा सर्वांत जुना दुवा साधारण इ.स. १२०० च्या सुमाराचा, डेव्हिड किमही या यहुदी भाष्यकाराचा आहे आणि त्या काळच्या जळत्या उकिरड्याचा पुरावा उत्खननात मिळालेला नाही. खरं तर कचऱ्याची गरजही नाही. जाळलेल्या मुलांची आठवण पुरेशी होती.

नव्या करारात गेहेन्ना १२ वेळा येतो. त्यांपैकी ११ वेळा तो येशूच्या तोंडी आहे आणि एकदा याकोबाच्या पत्रात (हा याकोब वेगळा, योसेफाचा बाप नव्हे). प्रेषित पौलाने एवढी पत्रं लिहिली, पण त्यांत हे नाव एकदाही नाही. पुढच्या सगळ्या वादांचं मूळ मात्र वेगळंच आहे: हे ग्रंथ एकमुखाने बोलत नाहीत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन शेजारी शेजारी येतात. त्याच मत्तयाच्या १० व्या अध्यायात मात्र गेहेन्नात शरीर आणि आत्मा दोन्हींचा नाश करू शकणाऱ्याला भ्या, असं आहे. जे नष्ट झालं त्याला पुढे यातना कसल्या? पौल करिंथकरांना लिहितो की जसे आदामात सर्व मरतात तसे ख्रिस्तात सर्व जिवंत केले जातील. नव्या करारातल्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात अग्नीचं सरोवर आहे आणि त्याला दुसरं मरण म्हटलंय. कायमची यातना, कायमचा नाश आणि अखेरीस सर्वांचं तारण, या तिन्ही मतांचे लोक आजही याच ओळी एकमेकांच्या तोंडावर फेकतात.

यातनांचं तपशीलवार वर्णन आलं ते बायबलमध्ये न गेलेल्या पुस्तकातून. दुसऱ्या शतकातल्या ‘पेत्राचं प्रकटीकरण’ या पुस्तकात देवनिंदकांना जिभेने टांगलंय, तर व्याजबट्टा करणारे पू आणि रक्ताच्या डबक्यात गुडघाभर उभे आहेत. ज्या अवयवाने पाप केलं त्यालाच शिक्षा, हा हिशेब इथून सुरू झाला आणि शतकानुशतकं चालला. १८८६-८७ च्या हिवाळ्यात इजिप्तमधल्या अखमीम इथे एका थडग्यात या पुस्तकाचा ग्रीक भाग मिळाला. गंमत म्हणजे याच पुस्तकाच्या एका जुन्या तुकड्यात शेवटी असंही आहे की नीतिमान लोक ज्यांच्यासाठी रदबदली करतील त्या पाप्यांना देव यातनांतून सोडवील. कुणीतरी पुढे ती जागा पुसट करून टाकली.

तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन याने प्रश्न थेट मुळाशी नेला. देव वैद्यासारखा आहे, त्याची आग जाळते ती बरं करण्यासाठी, आणि अखेरीस प्रत्येक बुद्धिमान जीव त्याच्याकडे परतेल, असा त्याचा विचार. एका शतकानंतर निस्साच्या ग्रेगरीनेही जवळपास हेच मांडलं. आफ्रिकेतल्या अर्नोबियसचं म्हणणं वेगळं: दुष्ट आत्मे जळून संपतात, बस. सम्राट जस्टिनियनने ५४३ मध्ये ओरिजेनच्या मतांविरुद्ध फर्मान काढलं आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने त्याचं नाव पाखंड्यांच्या यादीत घातलं. ग्रेगरीच्या केसालाही धक्का लागला नाही. तो संतच राहिला. मतापेक्षा माणूस आणि त्याच्यामागचं राजकारण पाहून निकाल लागतात, हे धर्मपरिषदांनाही चुकलेलं नाही.

पश्चिमेत, म्हणजे लॅटिन भाषेच्या चर्चमध्ये, या वादावर पडदा टाकला तो उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने. ४२६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्याच्या ‘देवाचं नगर’ या ग्रंथाचा २१ वा खंड पूर्णपणे नरकावर आहे. त्याच्यापुढे एक अगदी व्यावहारिक आक्षेप होता: शरीर आगीत जळतं आणि तरी संपत नाही, हे कसं शक्य आहे? त्यासाठी तो सृष्टीतले दाखले गोळा करतो. आगीत जगणारा सॅलमँडर, कधीपासून धुमसणारे आणि तरी शाबूत असलेले सिसिलीचे डोंगर, आणि मोर. मोराचं मांस कुजत नाही, असं त्याने ऐकलं होतं. कार्थेजमध्ये एकदा शिजवलेला मोर पानात आला, तेव्हा त्याने छातीचा एक तुकडा बाजूला काढून ठेवायला सांगितला. इतर मांसाला दुर्गंधी सुटली असती इतके दिवस गेले, वास नाही. ३० दिवसांहून जास्त झाले, तरी नाही. वर्षाने पाहिलं तर तुकडा जरासा सुकून आकसला होता, इतकंच. अनंतकाळच्या आगीच्या समर्थनाला एक वर्ष ठेवलेला मांसाचा तुकडा! हसू येतं खरं, पण स्वतः करून बघण्याची त्याची खोड मला आवडते.

त्याचा खरा युक्तिवाद मात्र मत्तयाच्या त्या ओळीवर होता. जीवन कायमचं असेल तर शिक्षाही कायमचीच. एकाच वाक्यात एकाला अंत आणि दुसऱ्याला नाही, असं चालणार नाही. शिक्षा कधीतरी संपेल असं म्हणणारे त्या काळी त्याच्या आजूबाजूला बरेच होते. त्यांना तो दयाळू लोक असं किंचित कुत्सितपणे म्हणतो. पुढची हजार वर्षं पश्चिमेच्या चर्चने याच दयाळूंविरुद्ध निकाल दिला.

पूर्वेकडे, म्हणजे ग्रीक आणि सिरियाक भाषांच्या चर्चमध्ये, सूर वेगळा राहिला. सातव्या शतकातल्या निनवेच्या इसहाकाने लिहिलं की गेहेन्नातले लोक प्रेमाच्याच चाबकाने घायाळ होतात. ज्या प्रेमाचा आपण अपराध केला त्याची जाणीव हीच त्यांची आग. तिकडच्या चर्चमध्ये पुनरुत्थानाचं ठरलेलं चित्रसुद्धा अधोलोकातलं असतं. इस्तंबूलच्या एकेकाळच्या खोरा चर्चमध्ये (आज ती मशीद आहे) १४ व्या शतकातलं असं भित्तिचित्र आहे: ख्रिस्त एका हाताने आदामाला आणि दुसऱ्याने हव्वेला मनगटाला धरून थडग्यांतून खेचतो आहे आणि पायाखाली मोडलेल्या कड्या-कुलपांचा खच पडला आहे.

मध्ययुगीन पश्चिमेत नरकाला रीतसर कायदा मिळाला. अपराध ज्याच्याविरुद्ध त्याच्या थोरवीवर शिक्षेचं माप ठरतं. देव अनंत, म्हणून त्याच्याविरुद्धच्या पापाची शिक्षाही अनंत, हा युक्तिवाद १३ व्या शतकातला धर्मपंडित थॉमस अॅक्वायनस याने पक्का केला. आजच्या वाचकाला यात सरंजामी काळाचा वास येईल; शेतकऱ्याला मारलं तर दंड आणि राजाला मारलं तर देहदंड, असा तो काळ होता. पण थोडं पाप करून मेलेल्या सामान्य माणसाचं काय? त्याच्यासाठी शुद्धिस्थान आलं. १२७४ च्या लिऑनच्या आणि १४३९ च्या फ्लॉरेन्सच्या परिषदेने ते अधिकृत केलं. तिथल्या यातना नरकासारख्याच, पण सुटकेची तारीख असलेल्या. इटालियन कवी दान्तेने १४ व्या शतकाच्या सुरुवातीला नऊ वर्तुळांचा जो नरक रचला, त्याच्या तळाशी आग नाहीच. तिथे गोठलेलं सरोवर आहे आणि सैतान छातीपर्यंत बर्फात रुतलेला आहे. लोकांच्या मनात मात्र आगच राहिली.

शुद्धिस्थानातला मुक्काम कमी करून देणारी क्षमापत्रं विकली जाऊ लागली आणि १५१७ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध आवाज उठवला, हे सर्वश्रुत आहे. त्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. त्याच्यामागून पोपपासून फुटलेल्या प्रोटेस्टंटांनी शुद्धिस्थान रद्द केलं आणि मधली वाटच बंद झाली. आता एक तर स्वर्ग, नाही तर नरक. दुसरा सुधारक कॅल्व्हिन याने आग आणि किडे ही देवापासून तुटण्याची रूपकं मानली खरी, पण शिक्षेची मुदत कमी केली नाही. ल्यूथरपंथीयांच्या श्रद्धेचा जाहीरनामा असलेल्या १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाने शिक्षेला अंत आहे म्हणणाऱ्यांचा निषेध केला. इंग्लंडच्या चर्चच्या १५५३ च्या ४२ श्रद्धाकलमांतही तसं एक कलम होतं, पण १५६३ च्या फेररचनेत ते गळलं.

नरक नेमका आहे कुठे, यावरही बुद्धिमान माणसांनी वेळ घालवला. तरुण गॅलिलिओने १५८८ मध्ये फ्लॉरेन्सच्या अकादमीत दान्तेच्या नरकाचा आकार आणि मापं यांवर व्याख्यानं दिली. १७१४ मध्ये टोबियस स्विंडन या इंग्रज पाद्र्याने नरक सूर्यात आहे, असं सिद्ध करणारं पुस्तक काढलं. पृथ्वीच्या पोटात इतक्या जणांना जागा नाही आणि इतकं जळणही नाही, हे त्याचं कारण.

८ जुलै १७४१ ला कनेक्टिकटमधल्या एनफिल्ड गावी जोनाथन एडवर्ड्स या पाद्र्याने ऐकणाऱ्यांना सांगितलं की आगीवर कोळी धरावा तसं देवाने तुम्हाला नरकाच्या खाईवर धरलं आहे. लोक इतके रडू-ओरडू लागले की त्याला प्रवचन मध्येच थांबवावं लागलं. जुलमी राजाला सुनावलेला शब्द इथे बाकावर बसलेल्या भाविकाकडे वळलेला दिसतो.

१९ व्या शतकात हे ओझं पेलेनासं झालं. अनंत शिक्षेबद्दल शंका काढली म्हणून एफ. डी. मॉरिस या इंग्रज धर्मपंडिताला १८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातलं प्राध्यापकपद गमवावं लागलं. अकरा वर्षांनी प्रिव्ही कौन्सिल या इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायपीठापुढे दुसऱ्या एका पाद्र्याचा खटला आला. दुष्टांनाही अखेरीस क्षमा मिळेल अशी आशा त्याने छापली होती. तशी आशा धरायला चर्चच्या कलमांत मनाई नाही, असा निकाल लॉर्ड वेस्टबरीने दिला. न्यायमूर्तींनी नरक खर्चासकट फेटाळला, अशी कोटी लगेच फिरू लागली आणि सुमारे ११ हजार पाद्र्यांनी शिक्षा अनंतच आहे अशा जाहीरनाम्यावर सह्या केल्या. डार्विनने आत्मचरित्रात लिहिलं की या शिकवणीप्रमाणे माझे वडील, भाऊ आणि बहुतेक सगळे जिवलग मित्र कायमची शिक्षा भोगणार. असा धर्म खरा असावा अशी इच्छा तरी कुणी का धरावी? पत्नी एमाच्या इच्छेवरून हा मजकूर १८८७ च्या आवृत्तीतून वगळला गेला. तो छापून आला १९५८ मध्ये.

पुढचं झटपट सांगता येतं. दुष्टांचा नाश होतो, त्यांना अनंत यातना नसतात, हे मत सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाने सुरुवातीपासून धरलं. १९८८ मध्ये जॉन स्टॉटसारख्या वजनदार इव्हँजेलिकल (बायबलच्या शब्दाला सर्वोच्च मानणाऱ्या प्रोटेस्टंट प्रवाहाच्या) धर्मगुरूनेही सावधपणे त्याकडे कल दाखवला आणि सनातन मंडळी बिथरली. जुलै १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की नरक ही जागेपेक्षा देवापासून स्वतःहून कायमचं तुटलेल्या माणसाची अवस्था आहे. नरक रिकामा आहे असा विचार करायला मला आवडतं, असं पोप फ्रान्सिस जानेवारी २०२४ मध्ये इटालियन दूरचित्रवाणीवर म्हणाले. हा धर्मसिद्धांत नसून आपलं वैयक्तिक मत आहे, हेही त्यांनी सांगितलं. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातला १०३५ वा परिच्छेद मात्र आहे तिथेच आहे. नरक आहे, तो अनंत आहे आणि देवापासून कायमचं तुटणं ही त्यातली मुख्य शिक्षा आहे, असं तो सांगतो. तिथे कोण गेलं आहे, त्यातलं एकही नाव चर्चने आजवर अधिकृतपणे जाहीर केलेलं नाही.