पार्श्वभूमी: पिक्सेल क्लॉक, दोन क्रिस्टलपासून क्लॉक-ट्रीपर्यंत

सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यात मशीनवरचा सात इंची एचएमआय (मशीन चालवायचा पडदा) सुरू केला, बूटलोडरचा (कर्नल चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा) लोगो दिसला आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चढता चढता पडदा काळा पडला, की आधी केबल हलवून बघितली जाते. नेटवर्कवरून लॉगिन होत असेल तर केबल सोडा, क्लॉक बघा.

पिक्सेल क्लॉक म्हणजे सेकंदाला किती पिक्सेल बाहेर ढकलायचे तो दर, न दिसणाऱ्या ब्लँकिंगसकट (ओळी आणि फ्रेमच्या कडेला सोडलेला रिकामा वेळ). ८००×४८० पॅनेलची ब्लँकिंगसह नेहमीची मापं १०५६×५२५. त्याला सेकंदाच्या ६० फ्रेमनी गुणलं की ३३.२६४ मेगाहर्ट्झ.

१९८७च्या व्हीजीएत (पीसीच्या ग्राफिक्समध्ये) हा हिशेब कुणी करतच नसे. कार्डावर दोन क्रिस्टलांचे दोन दर ठरलेले: २५.१७५ आणि २८.३२२ मेगाहर्ट्झ. पहिला ६४० पिक्सेल रुंदीला, दुसरा ७२० रुंदीच्या अक्षरांना. ड्रायव्हरने रजिस्टरचे दोन बिट बदलले की काम झालं. पुढे दर बदलता येणाऱ्या क्लॉक चिपा आल्या आणि एक्सफ्री८६ या ग्राफिक्स सॉफ्टवेअरच्या मोडलाइनमध्ये (पडद्याची मापं लिहायच्या ओळीत) तो आकडा वापरणाराच लिहू लागला. चुकीच्या आकड्याने जुना मॉनिटर जळण्याची भीती खरीच होती. लिनक्समध्ये पडद्याचा मोड (मापं आणि दर) ठरवायचा हा कारभार कर्नलकडे आला तो २००९ मध्ये, २.६.२९ आवृत्तीत, इंटेलच्या ड्रायव्हरपासून.

एआरएम चिपांवर पेच वेगळा. तिथे पीएलएल (क्रिस्टलच्या दरापासून हवा तो दर बनवणारं सर्किट) एक आणि वाटेकरी अनेक; या फांद्यांचाच क्लॉक-ट्री. प्रत्येक चिपघराण्याचा क्लॉकचा कोड निराळा होता, २०१२च्या ३.४ कर्नलमध्ये सामाईक क्लॉक फ्रेमवर्क आलं, तेव्हा कुठे व्हिडिओ ड्रायव्हरला ‘हा दर मिळेल का’ असं एकाच रीतीने विचारता येऊ लागलं.

मिळेलच असं नाही. ऑलविनर ए१० या एआरएम चिपचा व्हिडिओ पीएलएल पूर्णांक पद्धतीत ३ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनीच चढतो. १०८०पीला १४८.५ हवेत, त्यासाठी अपूर्णांक पद्धतीतले तयार २९७ घेऊन २ ने भागायचे. त्याच २९७ला ९ ने भागलं तर ३३ मिळतात, म्हणजे वरच्या पॅनेलवर ५९.५ हर्ट्झ. साधं पॅनेल हे निमूट चालवून घेतं. एचडीएमआयला मात्र सवलत ०.५ टक्क्याचीच, आणि आवाजाचा दरही याच क्लॉकवरून काढला जातो. त्यामुळे चित्र ठीक आणि आवाज तुटका, असंही घडतं. म्हणून न जमणारा मोड यादीतच येऊ देऊ नये. दोन आउटपुट एकाच पीएलएलवर असतील तर दुसऱ्याने दर बदलला की पहिल्याचं चित्र बिघडतं; चालू असलेल्याने दरावर एकाधिकार घ्यावा. तशी सोय फ्रेमवर्कमध्ये आहे, विसरली जाते इतकंच.

आता काळा पडदा. बूटलोडरने चालू केलेले क्लॉक कर्नलमध्ये कुणाच्याच नावावर नसतात. सुरुवातीची जुळवाजुळव संपताना कर्नल असे बेवारस क्लॉक बंद करतो. फ्रेमबफरमध्ये (चित्र ठेवायच्या मेमरीत) चित्र असतं, पण पॅनेलपर्यंत पोचत नाही. यावर २०१४ मध्ये बराच वाद झाला, आणि सिंपल-फ्रेमबफर (बूटलोडरने लावलेला पडदा तसाच वापरणारा ड्रायव्हर) याच्या डिव्हाइस-ट्री नोंदीत, म्हणजे हार्डवेअरच्या यादीत, लागणारे क्लॉक लिहायचे असं ठरलं. खात्री करायला कर्नलला ‘सीएलके_इग्नोर_अनयूज्ड’ (clk_ignore_unused) हा पर्याय देऊन एकदा बूट करा. पडदा टिकला तर डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलींतली) क्लॉकची यादी उघडा: व्हिडिओ क्लॉकसमोर वापरकर्त्यांची संख्या शून्य दिसेल. नोंद दुरुस्त झाली की तो पर्याय काढून टाका, नाहीतर बाकीचे निकामी क्लॉकही वीज खात राहतात.