‘धूल का फूल’च्या आधीचं आणि नंतरचं

रानात टाकलेलं तान्हं बाळ आणि त्याच्यावर फणा धरून बसलेला नाग. ‘धूल का फूल’ (१९५९) पाहिलेल्यांच्या डोळ्यांसमोरून हे दृश्य हलत नाही. महेश (राजेंद्रकुमार) दुसरीशी लग्न करून मोकळा होतो आणि मीना (माला सिन्हा) पोटातल्या मुलासकट एकटी पडते. यश चोप्रांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट, निर्माते थोरले बंधू बी. आर. चोप्रा. लेखक पंडित मुखराम शर्मांनी त्यांच्यासाठी ‘एक ही रास्ता’त विधवाविवाह आणि ‘साधना’त वेश्येचं लग्न आधीच हाताळलं होतं.

आपल्याकडे हे दुखणं फार जुनं. १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झालेला यशवंत. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात बाळाच्या खुनाबद्दल फाशी सुनावली गेली (अपिलात ती टळली). वर्तमानपत्रांनी समस्त बायकांवर झोड उठवली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून खवळून उठल्या: सगळा दोष बाईच्याच माथी का?

चित्रपट तोच सवाल थेट कोर्टात नेतो. न्यायासनावर महेश, समोर आरोपी म्हणून त्याचाच मुलगा, आणि मुलाचा वकील मीनाचा नवरा (अशोककुमार).

मला मात्र त्याआधीचा भाग जास्त धीट वाटतो. ते बाळ उचलतो अब्दुल रशीद. फाळणीला जेमतेम बारा वर्षं झालेली, आणि इथे एक मुसलमान म्हातारा जातधर्म ठाऊक नसलेलं पोर छातीशी धरून ‘तू हिंदू बनेगा ना मुसलमान बनेगा’ गातो! शब्द साहिरचे, आवाज रफीचा, चाल एन. दत्तांची, म्हणजे आपल्या गोव्याच्या दत्ता नाईकांची. मराठी ‘मधुचंद्र’चं संगीतही त्यांचंच. अब्दुल साकारणाऱ्या मनमोहन कृष्णांना फिल्मफेअर मिळालं, ते अगदी योग्य झालं.

यश चोप्रांना हा विषय सुटला नाही. ‘धर्मपुत्र’मध्ये (१९६१) मुसलमान कुमारी मातेचं मूल हिंदू घरात वाढतं. ‘त्रिशूल’मध्ये (१९७८) तर मुलगा कुणा वकिलाची वाट पाहत नाही, आई गेल्यावर तो स्वतःच बापाकडे हिशेब मागायला येतो.