गुरू : बौद्ध व सूफी साधनेतील स्थान (विदर्भ)

बौद्ध व इस्लामी साधनेत साधकाला मार्ग दाखविणाऱ्या व्यक्तीचे स्थान आणि त्याला विदर्भाच्या ग्रामीण भागात आलेले स्वरूप. बौद्ध परंपरेत अशी व्यक्ती उपाध्याय, आचार्य किंवा कल्याणमित्र (सन्मार्गाला लावणारा मित्र) असते. सूफी पंथांत पीर अथवा मुर्शिद. मकतबात कुराण शिकविणारा उस्ताद यांहून वेगळा. त्याचा अधिकार विद्येपुरता असतो.

पाली विनयानुसार (भिक्षुसंघाच्या नियमसंग्रहानुसार) नवा भिक्षू साधारणपणे पाच वर्षे गुरूच्या आश्रयाने राहतो व उपाध्याय होण्यास उपसंपदेनंतर (पूर्ण भिक्षुदीक्षेनंतर) किमान दहा वर्षे जावी लागतात. ही सेवा एकतर्फी नाही. शिष्य आजारी पडल्यास उपाध्यायाने त्याची शुश्रूषा करावी, उपाध्यायाची धम्मदृष्टी ढळू लागल्यास शिष्याने त्याला सावरावे, असे विनय सांगतो. कल्याणमित्रता म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य (धम्मजीवन), असे आनंदाने म्हणताच बुद्धाने ‘अर्धे नव्हे, संपूर्ण’ अशी दुरुस्ती केल्याचे संयुत्तनिकायात आले आहे. मात्र महापरिनिर्वाणाच्या वेळी त्याने वारस नेमला नाही. धम्म व विनय हेच पुढील शास्ते (गुरू) ठरले.

सूफी पंथांत याउलट व्यक्तींची साखळी निर्णायक ठरते. मुरीद (शिष्य) पीराच्या हाती हात देऊन बैअत (निष्ठेची शपथ) करतो आणि पीराची सिलसिला (गुरुपरंपरा) शजऱ्यातून, म्हणजे गुरूंच्या नामावळीतून, प्रेषितांपर्यंत नेली जाते. आधार म्हणून कुराणातील आत्मशुद्धीचे (तजकिया) वचन व मूसाच्या एका ज्ञानी मार्गदर्शकाबरोबरच्या प्रवासाची कथा (सूरह १८) पुढे केली जाते. अहले हदीससारखे पंथ पीराची मध्यस्थी मानीत नाहीत. विदर्भात बाळापूर (जि. अकोला) येथील शाह इनायतुल्लाह यांची नक्शबंदी या सूफी पंथाची खानकाह (मठ) सतराव्या शतकापासून प्रसिद्ध होती.

विदर्भाचा या विषयाशी सर्वांत जुना म्हणून सांगितला जाणारा संबंध महायान बौद्ध आचार्य नागार्जुनाचा (सु. इ. स. दुसरे-तिसरे शतक) असून तो वादग्रस्त आहे. चिनी चरित्रात त्याला दक्षिण भारतीय म्हटले आहे. विदर्भाचा उल्लेख बराच उशिरा, तिबेटी परंपरेत येतो. सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याने कोसल देशाच्या वर्णनात नागार्जुनाची व आर्यदेवाची भेट दिली आहे. आर्यदेव दाराशी आल्याचे कळताच नागार्जुनाने पाण्याने काठोकाठ भरलेले पात्र बाहेर पाठविले. आर्यदेवाने न बोलता त्यात सुई सोडली. ती तळाशी गेलेली पाहून नागार्जुनाने त्याला आत बोलावले व शिष्य केले. भरलेले पात्र म्हणजे गुरूचे ज्ञान आणि सुई म्हणजे त्याचा तळ गाठणारी बुद्धी. शिष्याची पारख इतक्या नेमकेपणाने सांगणाऱ्या कथा बौद्ध वाङ्मयात थोड्याच असतील. हा कोसल कोणता, हा प्रश्न उरतो. कनिंगहॅम यांचा कल चांद्याकडे (आजचे चंद्रपूर) होता; पुढील अभ्यासक छत्तीसगढमधील सिरपूरकडे वळले आणि तेच अधिक संभवनीय दिसते. रामटेकजवळील मनसर येथे १९९८ पासून झालेल्या उत्खननानंतर तेथील अवशेषांचा संबंध नागार्जुनाशी जोडण्यात आला. परंतु हिडिंबा टेकडीवरील शैव शिल्पे पाहता, हे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या काळातील शिवमंदिर असावे, हे हान्स बाकर यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. रामटेक परिसरातील लोकांच्या नागार्जुनावरील श्रद्धेला या निर्णयाने बाध येत नाही. ती स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगी आहे.

गिरड (जि. वर्धा) येथील टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे. मात्र प्रसिद्ध सूफी संत बाबा फरीद गंजशकर यांची कबर पाकपट्टण (पाकिस्तान) येथे आहे. गिरडचे स्थान त्यांच्या चिल्ल्याचे, म्हणजे चाळीस दिवसांच्या एकांत साधनेचे, असावे किंवा त्याच नावाच्या दुसऱ्या फकिराचे. टेकडीवर सापडणारे गोल दगड म्हणजे फकिराची चेष्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा दगड झालेला माल, असे सांगतात. ते बेसाल्ट खडकातील झिओलाइटचे गोळे होत.

कामठीत जन्मलेले ताजुद्दीन बाबा (१८६१–१९२५) यांची सिलसिलाही अशीच चर्चेत राहिली. बालपणी त्यांना कामठीचे अब्दुल्ला शाह कादरी भेटले, तर सागर (मध्य प्रदेश) येथे ते दाऊद मक्की यांच्या मजारीवर रात्री साधना करीत, असे चरित्रकार सांगतात. दाऊद मक्की त्यांच्या कित्येक शतके आधीचे. त्यामुळे हा संबंध उवैसी, म्हणजे हयात गुरूवाचून लाभलेला, मानावा लागतो. रूढ अर्थाने बैअत देण्यापेक्षा सहवासातून शिकविणे ही त्यांची रीत दिसते. सावनेर तालुक्यातील वाकी येथे काशिनाथराव पाटलांकडे राहत असताना त्यांनी एका झाडाखालची जागा ‘शाळा’, दुसरी ‘दवाखाना’ ठरविली व येईल त्याला त्याच्या गरजेप्रमाणे तेथे बसायला पाठविले, अशी आठवण परंपरेने जपली आहे. हिंदू पाटलाच्या वाड्यात मुसलमान फकीर गुरुस्थानी असणे गावाला वावगे वाटले नाही, ही बाब मोलाची आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भदंत चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून त्रिशरण व पंचशील घेतले आणि मग लाखोंच्या समुदायाला स्वतः दीक्षा दिली. गृहस्थाने दीक्षा देण्याच्या या घटनेने वैदर्भीय खेड्यांतील गुरूचे रूप ठरले. भिक्षू मोजके, मंगल परिणय, नामकरण, अंत्यविधी बौद्धाचार्य करतात आणि तेही गृहस्थच असतात. आषाढ ते आश्विन पौर्णिमेच्या वर्षावासात संध्याकाळी विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. एकजण वाचतो, अवघड जागी थांबून वऱ्हाडी-नागपुरीत उलगडून सांगतो. समारोपाला खीरदान होते. वाचणारा गुरू म्हणवून घेत नाही, पण कल्याणमित्राचे काम तोच करतो. ध्यानाचे शिक्षण मुख्यतः विपश्यना केंद्रांतून मिळते. नागपूरजवळ माहुरझरी येथे असे केंद्र असून तेथील दहा दिवसांच्या शिबिरांत सूचना सत्यनारायण गोएंका यांच्या ध्वनिमुद्रित आवाजात दिल्या जातात व शंकानिरसन सहायक आचार्य करतात.