परदेशात अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अटक झाल्यास: गोव्यातील कुटुंबांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

आखातात नोकरीला किंवा बोटीवर गेलेला कोणी ना कोणी गोव्याच्या बहुतेक वाड्यांवर असतोच. अशा माणसाला अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अटक झाल्याचा फोन आला, की घरातले पहिल्यांदा इथल्या वकिलाकडे धावतात. परंतु खटला तिथल्याच कायद्याने चालतो आणि तो कायदा आपल्यापेक्षा कितीतरी कठोर असू शकतो. भारतात अमली पदार्थांविषयीच्या 1985 च्या एनडीपीएस कायद्याखाली 1 किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ समजला जातो. सिंगापूरमध्ये 500 ग्रॅमहून अधिक गांजाची तस्करी सिद्ध झाल्यास मृत्युदंडाची तरतूद आहे.

सिंगापूरच्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती प्रवाशाने नीट समजून घ्यावी. पदार्थ ज्याच्या बॅगेत सापडला, त्याला तो काय आहे हे ठाऊक होते, असे गृहीत धरले जाते आणि ‘मला माहीत नव्हते’ हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. 2019 मध्ये मुंबईच्या एका दांपत्याला दोहा विमानतळावर सुमारे 4 किलो चरससह पकडले गेले. ते पाकीट नात्यातल्याच व्यक्तीने दिले होते. दहा वर्षांची शिक्षा झालेल्या या दोघांची सुटका व्हायला 2021 साल उजाडले. म्हणून निघायच्या आदल्या रात्री शेजारी चिकटपट्टीने घट्ट बांधलेला पुडा घेऊन आला आणि ‘आमच्या मुलाला एवढे पोचव’ म्हणाला, तर त्याच्यासमोरच पट्टी सोडवून आतली प्रत्येक वस्तू पाहावी, आणि तो नको म्हणत असेल तर पुडा घेऊ नये. नेवऱ्यांच्या सारणातली खसखससुद्धा संयुक्त अरब अमिरातीत निषिद्ध आहे. कोडीन हा अफूजन्य घटक असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक न्यायचे असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी, वैद्यकीय अहवाल आणि पासपोर्टची प्रत जोडून तिथल्या आरोग्य प्रशासनाची परवानगी निघण्यापूर्वीच घ्यावी लागते.

अटक झालेल्या व्यक्तीने सर्वप्रथम ‘माझ्या देशाच्या दूतावासाला कळवा’ अशी मागणी स्पष्ट शब्दांत करावी. 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 नुसार या हक्काची माहिती तिला विनाविलंब दिली गेली पाहिजे, आणि तिने मागणी केल्यावर दूतावासालाही कळवले पाहिजे. ज्या भाषेतला कागद वाचता येत नाही, त्यावर दुभाषाने तो पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय सही करू नये. अरबीतल्या जबाबावर घाईने केलेली सही पुढे वकिलालाही खोडून काढता येत नाही, असा प्रसंग ओढवू शकतो. अमिरातीत मृत्युदंड किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात आरोपीकडे वकील नसेल, तर न्यायालय तो नेमून देते.

पात्रतेचा प्रश्न गोव्यात विशेष नाजूक आहे. ज्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, त्याचे भारतीय नागरिकत्व 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे संपते, आणि मग भारतीय दूतावासाला त्याच्या वतीने भेटीचा हक्क सांगता येत नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारे ओळखपत्र) असले तरी यात फरक पडत नाही. अशा कुटुंबाने पोर्तुगालच्या दूतावासाशी संपर्क साधावा. पणजीत त्या देशाचा महावाणिज्य दूतावास आहे. चुकीच्या दारात घालवलेले दिवस पुन्हा मिळत नाहीत, म्हणून घरातल्यांनी आपला माणूस कोणत्या पासपोर्टवर गेला, हे आधी तपासावे.

भारतीय पासपोर्ट असल्यास परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. ही सोय 2015 पासून असून परदेशातील तुरुंगवासाची तक्रार घरच्या माणसाला इथूनच करता येते, आणि ती संबंधित दूतावासाकडे जाते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, नोकरीचा करार, बोटीवरच्या माणसाचे सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक), तिकीट व सामानाची चिठ्ठी, अटकेचा किंवा आरोपाचा मिळालेला कागद, आणि नेमके कोणत्या ठाण्यात वा तुरुंगात ठेवले आहे याचा तपशील जवळ ठेवावा. पुडा दुसऱ्याने दिला असेल, तर त्याच्याशी झालेले व्हॉट्सअॅपचे संदेश मुळीच पुसू नयेत, कारण बचावाचा तोच आधार ठरू शकतो. मिळालेला तक्रार क्रमांक पुढच्या प्रत्येक पत्रात लिहावा.

दूतावासाचे अधिकारी तुरुंगात भेट घेतात, स्थानिक वकिलांची माहिती देतात आणि कुटुंबाला कळवतात. न्यायालयात वकील म्हणून उभे राहणे किंवा सुटका करवणे त्यांच्या हाती नसते. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मागता येते, मात्र ती आर्थिक स्थिती पाहून गरजूंना दिली जाते, म्हणून अर्जासोबत उत्पन्नाचा पुरावा द्यावा.

शिक्षा कायम झाल्यावर, संबंधित देशाशी करार असेल तर उरलेली शिक्षा भारतातील तुरुंगात भोगण्यासाठी 2003 च्या कैदी प्रत्यावर्तन कायद्याखाली अर्ज करता येतो; अमिरातीशी असा करार 2011 मध्ये झाला. त्यासाठी निकाल अंतिम हवा, अपील प्रलंबित नसावे, सर्वसाधारणपणे सहा महिन्यांहून अधिक शिक्षा उरलेली असावी, आणि कैद्याची स्वतःची तसेच दोन्ही देशांची संमती लागते. हा अर्ज कैद्याने आपल्या तुरुंगाच्या अधिकाऱ्यामार्फत करायचा असल्याने, कुटुंबाने दूतावासाकडून त्याच्यापर्यंत ही माहिती निकालापूर्वीच पोचवून ठेवावी.